वाचनालयाचा डिस्ट्रो: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते डिसेंबर २०२५

१७ ऑगस्ट, रविवार

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौदा कॉम्प्युटर आहेत, सगळे कुठल्या ना कुठल्या ऑफिसनं बदलून टाकलेले. दहांत २ जीबी रॅम, चारांत ४ जीबी. शाळा सुटली की पोरं येतात, दिवे लागल्यावर पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मोठी माणसं येतात.

गेल्या वर्षी मी एक मशीन हातानं नीट लावलं होतं. मराठी टायपिंग, फाँट, लिब्रेऑफिस, पोरांसाठी जीकॉम्प्रिस. मग क्लोनझिलानं त्याची डिस्क बाकीच्या तेरांवर उतरवली. काम एका दुपारीत झालं आणि त्याचा त्रास वर्षभर पुरला. चौदाही मशिनचा मशीन-आयडी एकच, दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या किल्ल्या एकच, नावही एकच. घरून लॉगिन केलं की आपण नेमके कुठल्या मशिनवर आहोत ते कळायचं नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या पहिल्या मशिनवर मी काय काय बदललं होतं, याची नोंद कुठेच नव्हती. एक सेटिंग दुरुस्त करायचं तर चौदा खुर्च्यांवर बसावं लागायचं.

९ तारखेला डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आलं. डेबियन हा लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे प्रणाली आणि प्रोग्राम यांचा वापरायला तयार संच. तीन वर्षं पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला आधार. नव्यानं मांडणी करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. या वेळी मशीन लावायचं नाही. मशीन कसं लागतं ते लिहून काढायचं आणि त्या लिखाणातून आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवून मशीन लावायची फाइल, तयार व्हायला हवी. नोंदी इथे ठेवतो आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कशावर बेतायचं?

आपल्या देशात हे काम आधी झालेलं आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस डेबियनवर उभं आहे. केरळात काइट या सरकारी संस्थेनं शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली प्रणाली दिली आणि ती तिथल्या वर्गांत खरोखर वापरली जाते. उबुंटू स्वतः २००४ साली डेबियनमधून निघालं, मिंट त्या उबुंटूतून. म्हणजे आपण मिंटवर काही बांधलं तर आपली चौथी पिढी. प्रत्येक पिढी एक दार वाढवते, आणि सुरक्षेची दुरुस्ती त्या सगळ्या दारांतून आपल्यापर्यंत यायची असते. आमच्याकडे या कामाला आठवड्याला तीन-चार तास आहेत. म्हणून मुळाशीच जायचं: डेबियन.

डेबियनमध्ये ‘प्युअर ब्लेंड’ अशी एक कल्पना आहे. वेगळा डिस्ट्रो काढायचाच नाही, डेबियनच्या आतच आपल्या गरजेच्या पॅकेजांचा, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रामांचा, संच मांडायचा. शाळांसाठीचं डेबियन एज्यु तसंच आहे. नॉर्वेतल्या स्कोलेलिनक्समधून ते आलं. आम्हाला पूर्ण ब्लेंड जमेल असं नाही, पण दिशा तीच धरायची.

माझे आजोबा शकुंतला या छोट्या रेल्वेनं दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जायचे. शकुंतला नॅरोगेज, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरची मोठी लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. इकडचा कापूस तिथं उतरवून दुसऱ्या डब्यांत भरल्याशिवाय पुढे जात नसे. मूळ डिस्ट्रोपासून आपण जिथे जिथे वेगळे होऊ, तिथे तिथे असं एक मूर्तिजापूर तयार होणार, आणि मूळच्या प्रत्येक अपडेटला तिथं हमाली करावी लागणार. वहीच्या पहिल्या पानावर मी एवढंच लिहून ठेवलं आहे: गेज बदलायचं नाही.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल घेऊन वाचनालयात आली होती, त्यामुळे काम थोडंच.

ट्रिक्सीपासून ३२-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. आमच्या मशिनांवर पूर्वी ३२-बिट विंडोज होतं, म्हणून सगळी ३२-बिटच असणार असं आम्ही धरून चाललो होतो. आज प्रत्येकावर प्रोसेसरच्या माहितीत ‘एलएम’ हा झेंडा आहे का ते पाहिलं. तो असेल तर प्रोसेसर ६४-बिट. चौदापैकी बारांत आहे. उरलेल्या दोघांसाठी डेबियन १२ ची वेगळी आयएसओ काढायची का, यावर ग्रंथपाल काकांशी बोललो. ठरलं की नाही. दोन मशिनांसाठी दोन पाककृती सांभाळणं परवडत नाही. त्यांचे पंखे, रॅम आणि एसएमपीएस सुट्या भागांत ठेवले.

३१ ऑगस्ट, रविवार

पहिली आयएसओ.

हत्यार निवडताना दोन वाटा होत्या. एक, तयार आयएसओ फोडायची, आतल्या स्क्वॉशएफएसमध्ये, म्हणजे दाबून ठेवलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात, क्रूट करून, म्हणजे त्या प्रणालीच्या आत शिरून, बदल करायचे आणि पुन्हा बांधायची. उबुंटूवाल्यांसाठी क्युबिक हेच काम खिडक्यांतून करून देतं, आणि एकदाच आयएसओ हवी असेल तर ते छान आहे. पण तिथंही काय बदललं ते शेवटी माणसाच्या डोक्यातच राहतं, आणि क्लोनझिलानं तेच शिकवलं होतं. दुसरी वाट लाइव्ह-बिल्ड, डेबियनचं स्वतःचं. सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते: पॅकेजांच्या याद्या एका फोल्डरात, जशाच्या तशा ठेवायच्या फाइली दुसऱ्यात, मधेच चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे हुक, तिसऱ्यात. हे सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, राहतं. बांधणी टप्प्यांनी होते: आधी डेबूटस्ट्रॅपनं पायाभूत डेबियन उतरतं, मग त्यात आपली पॅकेजं बसतात, मग त्याची बूट होणारी आयएसओ होते. चौथा टप्पा सोर्सचा, म्हणजे मूळ कोडचा, तो मागितला तरच.

माझ्या लॅपटॉपवर ट्रिक्सीच आहे. प्रकल्प घाईत टेंप फोल्डरात उघडला आणि बांधणी पहिल्या मिनिटात थांबली: नोएक्झेक किंवा नोडेव्ह (प्रोग्राम चालवायला किंवा डिव्हाइस-फाइली वापरायला मनाई) असलेल्या जागेवर बसवता येत नाही. ट्रिक्सीत टेंप फोल्डर आता रॅममध्ये राहतं, आणि ते नोडेव्ह म्हणूनच जोडलेलं असतं. होम फोल्डरात हलवलं आणि काम सुरू झालं.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, दिवसाच्या डेटाला मर्यादा. म्हणून ॲप्ट-कॅशर-एनजी लावलं. एकदा उतरलेलं पॅकेज ते जपून ठेवतं, दुसऱ्या बांधणीला जवळजवळ काहीच उतरवावं लागत नाही. ज्याच्याकडे फायबर नाही त्यानं हे पहिल्या दिवशीच लावावं.

रात्री पावणेबाराला आयएसओ तयार झाली. स्क्वॉशएफएस बांधताना एकदा लाइट गेली होती. लॅपटॉपच्या बॅटरीनं तारलं. एक्सझेड दाबणीनं फाइल लहान होते पण जुन्या ड्युअल-कोरवर उघडायला वेळ घेते. झेडस्टँडर्डनं फाइल वाढली, पण मेन्यू उघडल्याबरोबर समोर येतो. पेनड्राइव्हवर जागा आहे, पोरांजवळ धीर नाही. झेडस्टँडर्ड ठेवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

६ तारखेला डेबियन १३.१ आलं, आणि त्यानं पॅकेज-यादीतली एक मोठी उणीव दाखवून दिली.

लाइव्ह-बिल्डच्या यादीत पॅकेजचं नाव टाकलं की ते आयएसओत जातं. पण यादी फक्त बांधणीच्या वेळी वाचली जाते. मशिनवर एकदा बसल्यावर ती यादी मशिनला माहीत नसते. उद्या मी जीकॉम्प्रिसच्या जोडीला जिओजेब्रा द्यायचं ठरवलं, तर नव्या आयएसओत ते येईल, पण खोलीतली बारा मशीन जुनीच राहतील. पुन्हा बारा खुर्च्या.

यावर उपाय मेटापॅकेज. आत फाइल नसलेलं पॅकेज, त्याचं काम फक्त सांगणं की ‘माझ्याबरोबर ही ही पॅकेजं हवीत’. आता लाइव्ह-बिल्डच्या यादीत जवळजवळ एकच नाव आहे, आमच्या मेटापॅकेजचं. संच बदलायचा तर मेटापॅकेजची नवी आवृत्ती काढायची, ती नेहमीच्या अपडेटनं सगळीकडे पोचते. सुरुवात इक्विव्हसनं केली, त्यात एक छोटी फाइल भरली की पॅकेज मिळतं. आठवड्याभरानं डेबहेल्पर वापरून रीतसर सोर्स पॅकेज केलं, कारण लिंटियन त्याच्यातल्या चुका नीट दाखवतं.

इथे एक बारकावा. सुरुवातीला मी सगळी पॅकेजं ‘डिपेंड्स’मध्ये, म्हणजे ‘याशिवाय चालणार नाही’ या यादीत, घातली होती. काकांनी एका मशिनवरून एक खेळ काढला आणि त्याच्याबरोबर मेटापॅकेजही गेलं. त्यानंतर ॲप्ट, म्हणजे पॅकेजं उतरवणारं आणि काढणारं हत्यार, बाकीच्या सगळ्या संचाकडे ‘आता याची गरज नाही, काढू का’ म्हणून बोट दाखवायला लागलं. आता जे नसेल तर मशीन आमचं राहणारच नाही तेवढंच डिपेंड्समध्ये: मराठी फाँट, कीबोर्ड, आमच्या सेटिंगचं पॅकेज. बाकी सारं ‘रेकमेंड्स’मध्ये, म्हणजे शिफारशीत. एखाद्या गावाला खेळ नको असेल तर तो काढता यायला हवा.

२८ सप्टेंबर, रविवार

काकांचा सकाळी फोन. जुन्या डेबियन १२ च्या एका मशिनवर माझ्या नव्या फाइली घालून ते १३ वर चढवायला सांगितलं होतं.

“बाप्पा, हे तं मलेच इचारून राह्यलं. वाय, आय, एन, ओ, डी, झेड. काय दाबू?”

हा डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेज मशिनवर बसवणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्न. पॅकेजच्या मालकीची कॉन्फिग फाइल कोणी बदलली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती फाइल बदललेली असेल, तर डीपीकेजी थांबून विचारतं: आमची नवी घेऊ की तुमची ठेवू? वाय किंवा आय म्हणजे नवी घ्या, एन किंवा ओ म्हणजे आपली ठेवा, डी म्हणजे फरक दाखवा, झेड म्हणजे हुकूम टाइप करायला शेल उघडा. ती फाइल काकांनी बदललेली नव्हती. मी बदलली होती, लाइव्ह-बिल्डच्या फोल्डरातून मूळ फाइलीवर माझी फाइल चढवून. आणि अपडेट आपोआप घेणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स अशा वेळी विचारतही नाही. असा प्रश्न येणार असेल तर ते पॅकेज बाजूला ठेवतं. म्हणजे माझ्या एका सोयीच्या फाइलीमुळे एखादं पॅकेज कोणाला न कळता जुनंच राहिलं असतं.

दिवसभर बसून सगळ्या बदललेल्या फाइली काढल्या. एकवीस निघाल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: मूळ फाइलीला हात न लावता हे होतं का? बहुतेक ठिकाणी होतं. लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या लाइटडीएमला शेवटी ‘डॉट डी’ असलेलं फोल्डर आहे, त्यात आपली दोन ओळींची फाइल ठेवली की झालं. डेस्कटॉपच्या, म्हणजे एक्सएफसीईच्या, मूळ सेटिंगांच्या आधी वाचला जाईल असा आपला वेगळा मार्ग देता येतो. फायरफॉक्सला पॉलिसीची एक फाइल पुरते. काही बदल तर मुळात नकोच होते; वॉलपेपर, बटणांचे रंग, मला आवडले म्हणून केलेले. ते काढले.

एकवीसपैकी एकच उरली, जिथे मूळ फाइल बाजूला सारावीच लागते. त्यासाठी डीपीकेजीचं डायव्हर्ट आहे: मूळ फाइल वेगळ्या नावानं नांदते, अपडेट तिच्यावर होतं, आपली तिच्या जागी बसते. हे हातानं करू नये. एमआयटीच्या डेबअथिना प्रकल्पातून आलेलं कॉन्फिग-पॅकेज-डेव्ह ते पॅकेजमधून नीट करतं, आणि पॅकेज काढलं की सगळं पूर्ववत होतं. त्या एका फाइलीबद्दल पुढे.

सेटिंगं आता एका पॅकेजमध्ये आहेत. लाइव्ह-बिल्डचं ते फोल्डर रिकामं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज ज्या गोष्टीसाठी हे सगळं करतो आहे तिच्यावर बसलो.

शेजारची बारावीतली पोरगी आता दर रविवारी मदतीला येते. तिनं लिब्रेऑफिसमध्ये अर्ज टाइप केला आणि पडद्याकडे बघत राहिली.

“दादा, हा ल काऊन हिंदीसारखा दिसते? आमच्या पुस्तकात असा नसते.”

तिचं बरोबर होतं. मराठीत ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. शाळेच्या पुस्तकात तसेच असतात आणि २००९ च्या शासन निर्णयातही तेच सांगितलं आहे. हिंदीचा ल उजवीकडे उभ्या दंडाचा. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल एकच अक्षर, एकच क्रमांक. वळण ठरवायचं काम फाँटचं. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तर अक्षरं जुळवणारं हार्फबझ त्यातलं मराठी वळण उचलतं, नाही सांगितलं तर नेहमीचं हिंदी. आमच्या मशिनवर फाँट चांगला होता, पण लिब्रेऑफिसमध्ये भारतीय लिपीच्या मजकुराची भाषा हिंदी ठेवलेली होती. मराठी केली आणि तिच्यासमोर पानावरचे सगळे ल एकदम बदलले. ती खुर्चीवरून उठून जवळ आली.

हे आता सेटिंगच्या पॅकेजमध्ये आहे. शिवाय लोहित मराठी हा वेगळा फाँटही घेतला. त्यात मराठी वळणच मूळचं, म्हणून ज्या प्रोग्रामला भाषा कळत नाही तिथेही ल बरोबर दिसतो.

मग अर्धा र. तिला ‘दुसऱ्या’ टाइप करता येईना, दर वेळी ‘दुसर्या’ व्हायचं. चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा तर आधी नुक्त्याचा ऱ लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये जे या कळीवर र आहे, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. मग हलंत, मग य. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांना’ असं तिनं पानभर लिहिलं. पीकविम्याच्या अर्जात ‘शेतकर्यांना’ असं वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कीबोर्डचं एक पानी चित्र तिनंच काढलं, ते आता डेस्कटॉपवर आहे.

लोकेलबद्दल, म्हणजे भाषा आणि देशाच्या सेटिंगबद्दल: डेबियनच्या लोकेलच्या यादीत मराठी-भारत ही ओळ यूटीएफ-८ चं शेपूट न लावता येते, इंग्रजी-भारतसारखीच. मी हुकमध्ये शेपटासह शोधत होतो आणि ओळ सापडतच नव्हती.

मेन्यूंची भाषांतरं अर्धी आहेत, काही ठिकाणी चुकीची. ती आमच्याकडे दुरुस्त करायचा मोह झाला. नाही केली. एक्सएफसीईचं भाषांतर ट्रान्सिफेक्सवर होतं, तिथे खातं उघडून पोरीनं अकरा वाक्यं पाठवली. तिथे मंजूर झाली तर पुढच्या डेबियनमधून आपल्याकडेही येतील आणि लातूरच्या कोणाकडेही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी, मग सोयाबीनची मळणी. काम नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

तीन नंबरचं मशीन अपडेट घेत नाही. ॲप्ट म्हणतं, रिलीजची फाइल अजून लागू झालेली नाही. ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. पोरांना वाटलं व्हायरस.

घड्याळ २००९ दाखवत होतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेला होता, आणि आमच्याकडे लाइट रोज जाते, त्यामुळे दर वेळी घड्याळ मूळपदावर. आजची सहीची फाइल २००९ सालच्या मशिनला भविष्यातली वाटणारच. सेल बदलले, बारांपैकी सातांत मेलेले होते. पण पुढे कुठल्या गावात कोण सेल बदलेल सांगता येत नाही, म्हणून मेटापॅकेजात फेक-एचडब्ल्यूक्लॉक घातलं. बंद होताना आणि अधूनमधून ते वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि चालू झाल्यावर निदान तिथून पुढे मोजतं. इंटरनेट मिळालं की घड्याळ खरं होतं. मोठ्या शहरातल्या ऑफिसांसाठी डिस्ट्रो बांधणाऱ्याला हे पॅकेज कदाचित कधी लागणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल डेबियन १३.२ आलं. आयएसओ पुन्हा बांधली, मग तीच पुन्हा, आणि दोन्हींचे शा-२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारे ठशासारखे आकडे, जुळतात का ते पाहिलं. नाही जुळले.

एकाच पाककृतीतून दोनदा तीच आयएसओ यायला हवी. आली तरच दुसरं कोणी बांधून खात्री करू शकतं की मी गुपचूप काही घातलेलं नाही. पॅकेजं मधेच बदलू नयेत म्हणून डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातून ठरावीक तारखेची घेतली. सोर्स-डेट-इपॉक ठरवून दिला, म्हणजे फाइलींवर बांधणीची वेळ न पडता ठरलेली वेळ पडते. तरी फरक. डिफोस्कोपनं दोन्ही आयएसओ उलगडून नेमकी फाइल दाखवली: ‘या प्रणालीबद्दल’ हे आमचंच पान. माझा हुक त्यात ‘अमुक तारखेला, अमुक वाजता बांधली’ असं लिहीत होता. ती ओळ काढून तिथे गिटच्या टॅगचं, म्हणजे आवृत्तीला दिलेल्या खुणेचं, नाव टाकलं. तिसऱ्या आणि चौथ्या बांधणीचे आकडे शेवटच्या अक्षरापर्यंत एकच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज आवृत्तीच्या आकड्यांनी घाम फोडला.

आमची स्वतःची तीन पॅकेजं आहेत: मेटा, सेटिंग, आणि पॅकेजं आमचीच आहेत हे तपासायची सहीची किल्ली. ती रेप्रेप्रोनं एका छोट्या भांडारात ठेवली. भांडार म्हणजे नुसत्या फाइली, कुठल्याही साध्या वेबहोस्टवर चालतात. किल्ली सगळ्या ॲप्टसाठी विश्वासू करायची नाही; भांडाराच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती फक्त आमच्या भांडारापुरती बांधली. ॲप्टला पिनिंगच्या नियमानंही सांगितलं की या भांडारातून या तीन नावांखेरीज काही घेऊ नये. आमचं होस्टिंग कोणी फोडलं तर त्याला निदान कर्नल बदलता येऊ नये.

पण एक चौथं पॅकेज होतं. लॉगिनच्या पडद्यावर मराठी नावं कापली जात होती म्हणून ऑक्टोबरात मी ते पॅकेज दुरुस्त करून पुन्हा बांधलं होतं आणि आवृत्तीला आमचं शेपूट लावलं होतं: अधिक चिन्ह, मग ‘वाच’ इंग्रजी अक्षरांत. डेबियन जेव्हा स्थिर आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती देतं तेव्हा तेही शेपूट लावतं, अधिक चिन्ह, मग ‘डेब१३यू१’. डीपीकेजी ही शेपटं अक्षरानुक्रमानं तोलतं. डी आधी, व्ही नंतर. डीपीकेजीलाच दोन्ही आवृत्त्या देऊन विचारलं, मोठी कोणती? त्यानं आमची सांगितली.

याचा अर्थ असा की उद्या त्या पॅकेजात भोक सापडलं आणि डेबियननं त्याच दिवशी ते बुजवलं, तरी आमची मशीन ‘आमच्याकडे याहून नवीन आहे’ म्हणून ते घेणारच नाहीत. कुठे चूक दिसणार नाही, कुठे लाल अक्षर येणार नाही. हे वाचणाऱ्यानं आपली शेपटं आजच तपासावीत. शेपूट डेबच्या आधी येणाऱ्या अक्षरानं सुरू झालं, उदाहरणार्थ ए, तर ते मूळपेक्षा मोठं पण सुरक्षा-दुरुस्तीपेक्षा लहान राहतं.

आम्ही शेपूट बदललं, आणि संध्याकाळी ते पॅकेजच काढून टाकलं. नावं कापली जात होती ती फाँटच्या आकारामुळे, आणि आकार सेटिंगमधूनही बदलता येतो. दुरुस्ती बग म्हणून डेबियनकडे कळवली.

७ डिसेंबर, रविवार

शेजारच्या गावच्या शाळेला पेनड्राइव्ह हवेत. म्हणजे आता हे आमच्या खोलीतलं काम राहिलं नाही, वाटप झालं, आणि वाटपाबरोबर जबाबदारी आली.

नाव. डेबियन हे नाव नोंदणीकृत आहे, त्याची नोंद सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेकडे. ‘डेबियनवर बेतलेलं’ म्हणता येतं, आपल्या मालाला डेबियन म्हणता येत नाही. आम्ही ‘वाचनालय’ एवढंच ठेवलं. ओएस-रिलीज फाइलीत ओळख आमची, ‘आयडी-लाइक’मध्ये डेबियन, सांकेतिक नाव ट्रिक्सी तसंच, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्टा गोंधळत नाहीत. बग कळवायचा पत्ता आमचा दिला. आमच्या सेटिंगमुळे काही बिघडलं तर त्याची तक्रार डेबियनच्या स्वयंसेवकांच्या दारात जाऊ नये. सप्टेंबरात उरलेली एकमेव डायव्हर्ट केलेली फाइल ती हीच.

सोर्स. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची; तिच्या तिसऱ्या कलमानुसार बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम, देणाऱ्यानं सोर्सही सोबत द्यावा, नाहीतर निदान तीन वर्षं तो देण्याची लेखी हमी द्यावी. ‘डेबियनच्या सर्व्हरवर आहे की’ असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. लाइव्ह-बिल्डचा सोर्स टप्पा चालू केला. जी आयएसओ वाटू तिचा सोर्स वाचनालयाच्या कपाटातल्या हार्डडिस्कवर, वर आयएसओचा टॅग लिहून.

शाळेतून विनंती आली की श्रीलिपीचे फाँटही घाला, जुनी पत्रं उघडायला लागतात. अडचण खरी आहे, पण ते फाँट विकत घ्यायचे असतात आणि त्यांचा परवाना वाटपाला मुभा देत नाही. नकार दिला, आणि सोबत सांगितलं की जुनी पत्रं घेऊन या, आम्ही बसून युनिकोडमध्ये बदलून देऊ. पहिली फाइल बुधवारी आली, सहा पानांची.

पेनड्राइव्ह बाजारातून दहा आणले, वर ३२ जीबी लिहिलेले. एफ३ नं तपासले. दोघांत खरी जागा ८ जीबीसुद्धा नव्हती. आकडा खोटा सांगतात आणि पुढचं लिहिलेलं गिळतात. दुकानदारानं बदलून दिले. वाटायच्या आधी प्रत्येक पेनड्राइव्ह तपासायचा, हे पोरीनं यादीत सगळ्यात वर लिहिलं.

२१ डिसेंबर, रविवार

कापसाची वेचणी सुरू आहे, पुढे तूर आहे, मला दर रविवारी जमणार नाही. म्हणून आज मी कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं. पोरगी वाचनालयातल्या ४ जीबीच्या मशिनवर, कोऱ्या ट्रिक्सीवर, फक्त रीडमी, म्हणजे प्रकल्पाबरोबरची सूचनांची फाइल, वाचून बांधणार. मी मागे खुर्चीत.

पहिल्याच टप्प्यात अडकलं. पॅकेजं उतरेचनात. माझ्या घरच्या ॲप्ट-कॅशर-एनजीचा पत्ता बांधणीच्या कॉन्फिगमध्ये पक्का लिहिलेला होता. माझ्याकडे चार महिने सगळं चाललं ते त्यामुळेच. पत्ता काढून मशिनपुरत्या वेगळ्या फाइलीत ठेवला. ती फाइल गिटमध्ये जात नाही.

मग सही. किल्ली माझ्या लॅपटॉपवर. हे तर मला कितीतरी आधी सुचायला हवं होतं. मला उद्या काही झालं तर आमच्या भांडाराला कोणी सही करू शकणार नाही आणि बारा मशीन आमची अपडेट घेणं थांबवतील. किल्लीची एक प्रत आता काकांच्या लोखंडी कपाटात, पासफ्रेज वेगळ्या पाकिटात दुसऱ्या घरी. किल्लीची मुदत दोन वर्षं. संपायच्या तीन महिने आधी नवी काढायची तारीख वाचनालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.

रीडमीत तिनं नऊ जागी खुणा केल्या: इथे काय करायचं ते लिहिलं नाही, इथे चूक आली तर काय ते नाही. सगळ्या दुरुस्त्या तिच्याच शब्दांत गेल्या. सव्वापाचला तिची आयएसओ तयार झाली. त्याच टॅगवरून मी घरी बांधलेल्या आयएसओचा शा-२५६ माझ्या वहीत होता. तिनं पडद्यावरचा आकडा चार-चार अक्षरं करून मोठ्यानं वाचला, मी वहीत बोट ठेवून. सोळाही गट जुळले.

२८ डिसेंबर, रविवार

मी शेतात होतो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर वहीत तिच्या अक्षरात नोंद:

“पाच पेनड्राइव्ह लिहिले, पाचही तपासले. चार शाळेला दिले, एक काकांच्या कपाटात. मेटापॅकेजमध्ये स्टेलेरियम रेकमेंड्समध्ये घातलं, मुलांना तारे पाहायचे आहेत. २ जीबीच्या मशिनवर हळू चालते, म्हणून फक्त चार मशिनवर ठेवलं. तीन नंबरचा पंखा आवाज करते. सुट्या भागातला लावून पाहू का?”

खाली मी लिहिलं: लाव. डाव्या खोक्यात आहे, निळ्या वायरचा.